चिंचेने घासलेली नाणी

माझ्या हातून आजवर ज्या मोठ्या चुका घडल्या, त्यांतल्या बहुतेक स्वच्छतेच्या भरात घडल्या आहेत. लग्नानंतरच्या पहिल्याच दिवाळीत माळा आवरताना मी सौभाग्यवतींची माहेरची पत्रे रद्दीवाल्याला देऊन टाकली. त्या रद्दीचे सव्वीस रुपये आले होते, हा तपशील आमच्या घरी अजून दर दिवाळीला उच्चारला जातो. पुढे महाविद्यालयात आमच्या मराठी विभागाचे कपाट आवरण्याचे काम मी आपण होऊन अंगावर घेतले. त्यानंतर मला कोणी कोणतेही कपाट आवरायला सांगितलेले नाही; त्याचे कारण मी येथे देत नाही.

एरवी मी नीटनेटका गृहस्थ आहे असे मुळीच नव्हे. माझ्या टेबलावर चहाच्या कपाखाली गेल्या सत्रातली उत्तरपत्रिका सहज सापडेल. पण दसरा उलटला, हवेत जरा गारवा आला आणि शेजारच्या ब्लॉकमधून खमंग भाजणीचा वास येऊ लागला की माझ्या अंगात काहीतरी संचारते आणि दिसेल ते घासावे, पुसावे, लखलखीत करावे असे वाटू लागते. गेल्या वर्षी त्या संचारात माझ्या हाताला एक चांदीचा डॉलर लागला. त्याचीच ही हकीगत.

आम्ही कांदिवलीला डहाणूकर वाडीत राहतो. गिरगावातली चाळीतली खोली सोडून वडील इकडे आले, तेव्हा सामानाबरोबर देव्हारा आला आणि देव्हाऱ्याच्या खालच्या खणातून एक लाल बटवा आला. त्या बटव्यात पाच नाणी होती. चार रुपये आणि एक डॉलर. रुपयांपैकी एक राणी छाप, १८६२ सालचा. दुसराही राणीचाच, पण तोवर ती बाई सम्राज्ञी झाली होती, त्यामुळे नावापुढची पदवी वाढलेली. तिसऱ्यावर एडवर्ड बादशहा, बिनमुकुटाचा. त्याला आमच्या आजीने ‘बोडका राजा’ हे नाव दिले होते आणि ते आमच्याकडे इतके रूढ झाले होते की इतिहासाच्या तोंडी परीक्षेत मी तेच सांगून बसलो होतो. चौथा पंचम जॉर्जचा, १९११ चा.

हे चौघे लक्ष्मीपूजनाचे मानकरी. धनत्रयोदशीला दुपारी आजी त्यांना बाहेर काढी. पितळेच्या वाटीत चिंचेचा कोळ, बाजूला पांढऱ्या रांगोळीची पुडी. नाणे कोळात बुडवायचे, रांगोळीत लोळवायचे आणि तळहातावर ठेवून अंगठ्याने गोल गोल घासायचे. आजी थकल्यावर हे काम आईकडे आले आणि आईने ते मला आणि ताईला वाटून दिले. ज्याचे नाणे अधिक चकचकीत, त्याला पहिली करंजी. करंजीसाठी आम्ही दोघांनी इंग्लंडच्या राजघराण्याला काय घासले आहे! राणीच्या गालावरचे मांस दरवर्षी थोडे थोडे कमी होत गेले. माझ्या लहानपणी तिच्या कानात डूल दिसत असे, असे मला पक्के आठवते. ताई म्हणते की तेव्हाही नव्हते.

डॉलर मात्र या कौतुकातून वगळलेला होता. त्यावर एक उभी स्त्री होती. डोक्याला शिरस्त्राण, एका हातात ढाल, दुसऱ्या हातात त्रिशूळ, मागे समुद्र आणि शिडाचे गलबत. आजीने एकदा त्याचा निकाल लावून टाकला होता: “त्रिशूळ आहे म्हणजे देवी खरी, पण आपली नव्हे.” म्हणून त्याला पाटावर जागा नव्हती. तो कागदात गुंडाळलेला, बटव्याच्या तळाशी पडून असे आणि वर्षानुवर्षे काळा होत असे. आजोबांचे एक काका आगबोटीवर नोकरीला होते, हाँगकाँगच्या फेऱ्या करीत, त्यांनी तो आणला, एवढाच त्याचा घरी ठाऊक असलेला इतिहास.

आई गेल्यानंतर बटवा माझ्याकडे राहिला. दोन वर्षे त्याचा विषय निघाला नाही. मग गेल्या वर्षी नवरात्र संपता संपता डोंबिवलीहून ताईचा फोन आला. इकडचे तिकडचे बोलून झाल्यावर ती म्हणाली, “बटव्यातल्या नाण्यांचं काय येईल रे? निम्मं तुझं, निम्मं माझं. मला या वेळी लागतील.”

भावोजींची कंपनी उन्हाळ्यात बंद पडली होती आणि भाचीचा नर्सिंगचा प्रवेश तोंडावर होता, हे मला ठाऊक होते. ठाऊक असून मी विचारले नव्हते. ताईने आयुष्यात माझ्याकडे मागितलेली ही दुसरी गोष्ट. पहिली म्हणजे मी पाचवीत असताना मामाने दिलेली माझी नवी कंपासपेटी. तिने ती एका दिवसापुरती मागितली होती आणि मी दिली नव्हती.

तेव्हा या खेपेस काम चोख करायचे असे मी ठरवले. प्राध्यापक चोख काम करायचे ठरवतो म्हणजे आधी वाचायला बसतो. मला नाण्यांचे ज्ञान होते ते भाषेतून आलेले. ‘बंदा रुपया’, ‘खणखणीत नाणे’, ‘नाव घेण्याजोगा कलदार’ असले शब्द वर्गात शिकवताना मी खुलून जातो. कल म्हणजे यंत्र. यंत्रावर पाडलेला, कडेला बारीक दाते असलेला रुपया तो कलदार. कडेचे दाते असत ते कोणी कानस मारून चांदी चोरू नये म्हणून. झिजलेले किंवा परमुलखातले नाणे बदलून घेताना सराफ जी रक्कम कापून घेई तो बट्टा. तोच पुढे माणसांच्या नावाला लागू लागला. आणि विद्यार्थ्यांच्या निबंधावर मी लाल शाईने हटकून लिहितो, ‘घासून गुळगुळीत झालेले शब्द टाळावेत.’ हे वाक्य आपण नेमके कोणत्या वस्तूवरून उचलले आहे, याचा विचार मी वीस वर्षांत केला नव्हता.

पुस्तकांतून मला बरेच कळले. १८३५ च्या कायद्याने कंपनी सरकारने साऱ्या मुलखासाठी एकच रुपया ठरवला, १८० ग्रेनचा, म्हणजे ११.६६ ग्रॅमचा, आपला तोळा तो हाच. त्यात बारा भागांपैकी अकरा भाग चांदी. दुसऱ्या महायुद्धात, १९४० पासून, ती निम्म्यावर आली आणि १९४७ चा रुपया तर निकेलचाच निघाला. आमच्या १८६२ च्या राणीबद्दल एक गंमत कळली. तो रुपया १८६२ मध्येच पाडलेला असेल असे नाही. पुढे १८७४ पर्यंत ठशावर तेच साल कायम ठेवले होते आणि मुंबईच्या टांकसाळीने मागच्या बाजूस जे बारीक ठिपके दिले त्यांवरून खरे वर्ष ओळखावे, असे जाणकार मानतात. मी तत्काळ भिंग घेऊन बसलो. आमच्या राणीच्या पाठीवर एकही ठिपका नव्हता. मुळात नव्हता, की कोणाच्या तरी करंजीपायी गेला, हे आता सांगणे अशक्य.

नाणे जुने म्हणजे मौल्यवान, हा समजही पुस्तकांनी मोडला. सातवाहनांची शिशाची नाणी दोन हजार वर्षांची असून पुष्कळदा स्वस्त मिळतात आणि मुंबई टांकसाळीचा १९३९ चा रुपया, जो काल-परवाचा म्हणावा, तो इतका दुर्मिळ की त्याची बनावट नाणीच अधिक फिरतात. पण हे लोकांना कोण सांगणार? मी नाण्यांचा अभ्यास करतो आहे ही बातमी आमच्या सोसायटीत पसरली आणि खालच्या मजल्यावरचे गृहस्थ वैष्णोदेवीचे पाच रुपयांचे नाणे घेऊन वर आले. ते नाणे २०१२ चे. त्याला दहा लाख मिळतात असे त्यांच्या मोबाईलवर आले होते. अशा भूलथापांत रिझर्व्ह बँकेचेच नाव वापरले जाऊ लागल्यामुळे २०२१ मध्ये बँकेला जाहीर खुलासा करावा लागला होता, हे मी त्यांना सांगितले. ते म्हणाले, “मग पाच लाखांना तरी जाईल?” न्यू जर्सीतल्या माझ्या मावसभावाने तर नाणी तिकडे पाठवून दे, तिथे लिलाव करू, असे सुचवले. १९७२ च्या कायद्याप्रमाणे शंभर वर्षांपूर्वीची नाणी देशाबाहेर पाठवता येत नाहीत, हे कळवल्यावर त्याने अंगठ्याचे चित्र पाठवले.

सगळ्यांत अधिक मी रमलो तो डॉलरात. हा डॉलर अमेरिकेचा नव्हेच. चीनच्या किनाऱ्यावरचा व्यापार मेक्सिकोच्या चांदीच्या डॉलरवर चाले. तो पुरेसा मिळेनासा झाला तेव्हा इंग्रजांनी पूर्वेकडच्या पेढ्यांसाठी स्वतःचा व्यापारी डॉलर काढला. १८९३ मध्ये हिंदुस्थानातल्या टांकसाळींनी लोकांची चांदी घेऊन रुपये पाडून देणे बंद केले होते, यंत्रे मोकळी होती. १८९५ पासून हा डॉलर मुख्यत्वे आपल्या मुंबईत पाडला जाऊ लागला. एका अंगाला ती त्रिशूळवाली ब्रिटानिया, दुसऱ्या अंगाला नक्षीत चिनी आणि मलायी लिपीतली किंमत. वजन २६.९५ ग्रॅम, दहापैकी नऊ भाग चांदी. चीनमध्ये त्याला ‘उभ्या माणसाचा डॉलर’ म्हणत आणि तिथले सराफ त्यावर आपापले बारीक शिक्के ठोकून खरेपणाची ग्वाही देत. १९३५ पर्यंत तो पाडला गेला आणि १९३७ मध्ये चलनातून गेला. त्रिशूळाच्या मधल्या टोकावर बारीकसे ‘बी’ अक्षर असेल तर तो मुंबईचा.

मी भिंग लावले. ‘बी’ होता! सालही होते: १९११. म्हणजे आमचा परदेशी पाहुणा फोर्टात जन्मला होता, समुद्र ओलांडून हाँगकाँगला गेला होता आणि आजोबांच्या काकांच्या खिशातून पुन्हा मुंबईला येऊन, आजीच्या हुकमाने, परकी म्हणून बटव्याच्या तळाशी पडला होता. त्याच्यावर चिनी शिक्का एकही नव्हता. मात्र ब्रिटानियाच्या ढालीपासून कडेपर्यंत गेलेली एक केसासारखी रेघ होती. ओरखडा पडला असावा. रंग म्हणाल तर काळा, पण कडेकडेने निळसर-जांभळा, मोराच्या गळ्यासारखा. मला तो रंग तेव्हा मळ वाटला.

दुकान मी चौकशी करून ठरवले होते, फोर्टातले, जुन्या नाण्यांचे. दुसऱ्या दिवशी सकाळी जायचे होते. रात्री जेवणे झाल्यावर मी पाचही नाणी टेबलावर मांडली. चार रुपये कसे उजळ, आणि पाचव्याचे तोंड काळे. मुलगी दाखवायची तर निदान तोंड धुऊन दाखवावी, असा काहीसा विचार माझ्या मनात आला. (हा विचार आमच्या मुलीसमोर बोलून दाखवण्याची माझी छाती नाही.) सौभाग्यवती म्हणाल्या, “राहू द्या की तसंच. दुकानदाराला कळत नाही का?” पण पत्रांच्या प्रकरणापासून स्वच्छतेच्या बाबतीत मी त्यांचा सल्ला घेत नाही. मी चिंच भिजवली.

पंधरा मिनिटांत मोरपंखी रंग वाटीतल्या कोळात उतरला आणि ब्रिटानिया पांढरीशुभ्र झाली. रेघ तेवढी जाईना. तिच्यावर मी आणखी रांगोळी टाकून खास जोर लावला, टूथपेस्ट लावून ब्रशने घासले. रेघ जशीच्या तशी. झोपताना मला फार समाधान वाटले. ताईचे काम आपण किती मनापासून करतो आहोत, हेही वाटून गेले.

कांदिवलीचे स्टेशन १९०७ चे. इथल्या टेकडीचा दगड-मुरूम खणून बॅकबेच्या भरावासाठी नेला, असे जुने लोक सांगत आणि पुस्तकांतही तसे आहे. म्हणजे कांदिवलीहून चर्चगेटला जाणाऱ्यांत आमची टेकडी सर्वांत आधीची. तिला बसायला जागा मिळाली. मी अंधेरीपर्यंत उभा होतो, एका हाताने कडी आणि दुसऱ्या हाताने खिशातला बटवा धरून.

दुकानदार वृद्ध होते. टांकसाळीपासून हाकेच्या अंतरावरच्या एका गल्लीत, जिन्याखालच्या जागेत बसणारे. त्यांनी टेबलावर मखमलीचा तुकडा पसरला, नाणे बोटांनी कडेवर धरून उचलले, डोळ्याला भिंग लावले. आधी रुपये पाहिले. राणी, राणी, बोडका राजा. तिघांनाही त्यांनी एका बाजूला सारले. “चांदीचे वजन, वर थोडे.” मग १९११ चा रुपया हातात घेतला आणि ते हसले.

“याची गोष्ट माहीत आहे, प्रोफेसरसाहेब?”

ती मी वाचून गेलो होतो, पण त्यांच्या तोंडून ऐकणे अधिक गोड होते. पंचम जॉर्जच्या पहिल्या रुपयावर त्याच्या झग्यावरच्या मानाच्या साखळीत एक छोटा हत्ती आहे. ठसा करणाऱ्याने हत्तीची सोंड इतकी आखूड कोरली की लोकांना तो हत्ती दिसेना, डुक्कर दिसू लागले. राजाच्या छातीवर डुक्कर! मुसलमान समाजात मोठा क्षोभ उसळला. मुंबई आणि कलकत्ता मिळून ९४ लाखांवर रुपये पाडून झाले होते, त्यांतले सातेक लाखच बाहेर पडले होते. सरकारने उरलेले वितळवले आणि १९१२ च्या रुपयावर हत्तीला चांगली लांब सोंड आणि ठसठशीत कान दिले. म्हणून १९११ चा रुपया संग्राहक शोधत असतात.

“आता बघू या, तुमचा हत्ती आहे की डुक्कर,” असे म्हणून त्यांनी भिंग माझ्या हाती दिले. मी राजाच्या झग्यावर पाहिले. तिथे हत्ती नव्हता. डुक्करही नव्हते. तिथे एक गुळगुळीत टेंगूळ होते. ज्या सोंडेपायी सरकारला लाखो रुपये भट्टीत घालावे लागले, तो सगळा वाद आमच्या आजीने आणि आईने चिंचेच्या कोळात शांतपणे मिटवून टाकला होता.

मीही हसलो. तोपर्यंत मी हसत होतो.

मग त्यांनी डॉलर उचलला. भिंग लावले, नाणे दिव्याखाली जरा तिरपे केले, आणि भिंग खाली ठेवले.

“हे कधी धुतलंत?”

“काल रात्री.”

“मग परवा यायला हवं होतं,” ते म्हणाले. रागावून नव्हे, शेजारच्या घरी कोणी आजारी असावे तसे.

त्यांनी मला सगळे समजावून दिले. मी अर्धा तास त्यांच्यासमोर विद्यार्थ्यासारखा बसलो होतो. चांदी काळी पडते ती हवेतल्या गंधकामुळे. तो मळ नसतो, चांदीच्याच अंगाची एक सूक्ष्म साय असते, आणि तशी एकसारखी, रंग खेळवणारी साय धरायला पन्नास-साठ वर्षे लागतात. ठसा पडताना चांदी मध्यातून कडेकडे सरकते, तिच्या अतिसूक्ष्म रेषा राहतात आणि नव्या नाण्याची झळाळी त्या रेषांची असते. रांगोळी म्हणजे शेवटी दगडाचा चुरा. चुऱ्याने साय जाते, रेषा जातात आणि त्यांच्या जागी हजार बारीक ओरखडे येतात. डोळ्याला ती चमक वाटते, भिंगाखाली ती जखम दिसते. चिंच नको, लिंबू नको, टूथपेस्ट नको. गरम पाण्यात सोडा आणि ॲल्युमिनियमचा कागद घालून काळेपणा उतरवतात तेही चांदीच्या भांड्यांपुरते ठीक. नाण्याला अगदीच माती किंवा तेलकटपणा असेल तर शुद्ध पाण्यात ठेवावे, फार तर ॲसिटोनमध्ये बुडवावे, आणि टिपून घ्यावे, पुसू नये. रबराच्या पट्टीत बांधू नये, कारण रबरात गंधक. मऊ प्लास्टिकच्या पिशवीत ठेवू नये, ती कालांतराने हिरवी चिकटण सोडते. “आणि खरं सांगू? काहीही न करणं हे सर्वांत उत्तम. पण तेच कोणाला जमत नाही.”

मी चाचरत विचारले, “आणि तो ओरखडा?”

“ओरखडा कुठला? नख फिरवा.”

नख फिरवले. ढालीपाशी नख अडखळले. रेघ खाली गेलेली नव्हती. वर आलेली होती.

ठशाला तडा गेला की ठशावर खाच पडते, त्या खाचेत चांदी शिरते आणि नाण्यावर तडा उंचवटा होऊन उतरतो. म्हणजे १९११ मध्ये, इथून दोन गल्ल्यांपलीकडे, एक पोलादी ठसा हजारो घाव सोसून चिरला होता, आणि तो बदलून टाकण्याआधी जे डॉलर त्याखालून गेले त्यांतला हा एक. अशा आणखी चुका त्यांनी खणातून काढून दाखवल्या: ठसा सरकल्याने एका बाजूला कोरी चंद्रकोर राहिलेला पाव आणा, दोनदा ठसा बसून दोन नाके आलेला राजा, चकतीचा पापुद्रा सुटलेला अर्धा रुपया. एखाद्या चुकीला मोठी किंमत येते. बारीक तड्याला फारशी येत नाही, पण असे नाणे आवडणारे लोक असतात, आणि मूळ रंग असता तर ते चार पैसे अधिक देतात. पारख एवढीच, ते म्हणाले, की वर आलेला दोष टांकसाळीचा आणि खाली गेलेला माणसाचा. आणि मी रात्री पंधरा मिनिटे टांकसाळीचा दोष रांगोळीने पुसत बसलो होतो.

त्यांनी पुन्हा भिंग लावले. “तसा माणसाचाही एक आहे. हा बघा, रेघेला आडवा गेलेला. जुना आहे. कोणीतरी टोकदार वस्तूने रेघ खरवडून बघितली असणार.”

त्यांनी भाव सांगितला. काल जे मिळाले असते त्याच्या तिसऱ्या हिश्श्याहून थोडे अधिक. मी नाणी परत बटव्यात घातली, आभार मानले आणि निघालो. टांकसाळीच्या भिंतीजवळून जाताना तिच्याकडे वर पाहायचे मी टाळले.

त्या रात्री ताईचा फोन आला. “गेला होतास का रे?” मी म्हणालो, “गेलो होतो, पण दुकान बंद होतं.” खोटे बोलताना माझा आवाज व्याख्यानाला चढतो तसा चढतो, हे सौभाग्यवतींनी नंतर निदर्शनास आणून दिले. ताई म्हणाली, “बरं, दिवाळीनंतर बघ.” भाचीच्या फीची मुदत दिवाळीनंतर आठ दिवसांनी होती.

लक्ष्मीपूजनाला चारही रुपये पाटावर ठेवले. घासले नाहीत. आमच्या मुलीने विचारले, “या वर्षी चिंच नाही?” मी तिला टांकसाळ, ठसा, गंधक, साय असे सगळे सांगितले. ती म्हणाली, “पण हे तर आधीच घासलेत ना, मग आता काय उरलंय?” आणि तिने स्वतःच उठून चिंच भिजवली. मी अडवले नाही. राणीचा गाल पुन्हा एकदा उजळला.

भाऊबीजेला ताई आली. पाटावर बसण्यापूर्वी मी दोन गोष्टी तयार ठेवल्या होत्या. डॉलर, आणि एक पाकीट. पाकिटात माझी बँकेतली एक ठेव मोडून आणलेले पैसे होते. न घासलेल्या डॉलरचे संपूर्ण, आणि वर फीला कमी पडत होते तितके. ओवाळणीच्या ताटात पाकीट टाकून मोकळे व्हावे, नाणी विकली असे म्हणावे, असा माझा मूळ बेत होता. पण ताईने कुंकू लावले, अक्षता लावल्या, सुपारी आणि अंगठी डोक्यावरून फिरवली, निरांजनाचा उजेड तिच्या चेहऱ्यावर आला, आणि ती हुबेहूब आईसारखी दिसली. आईसमोर मला कधीच खोटे बोलता आले नव्हते. मी पाटावर बसल्या बसल्या सगळे सांगून टाकले. परवाचे, कालचे, दुकान बंद असल्याचे.

ताट हातात तसेच धरून तिने ऐकले. मग ताट खाली ठेवले, डॉलर उचलला आणि दिव्याजवळ नेला.

“आणि आडवा ओरखडा आहे म्हणालास, तो हा का?”

“तो. तो जुना आहे म्हणे.”

“तो माझा,” ताई म्हणाली. “नववीत होते. मला वाटायचं ती रेघ निघेल. कर्कटकाने खरवडली.”

मी म्हणालो, “पण तुझी कंपासपेटी तर हरवली होती.”

“हो. म्हणून तर तुझी मागितली होती.” तिने नाणे उलटे करून चिनी अक्षरांकडे पाहिले. “तू दिली नाहीस. मग एक दिवस शाळेत जाताना तू ती घरी विसरलास.”

मी तिच्याकडे पाहतच राहिलो. त्या कर्कटकाचे टोक वाकले म्हणून मी तेव्हा वर्गातल्या एका गरीब बिचाऱ्या मुलाशी दीड महिना अबोला धरला होता.

पाकीट तिने उघडून पाहिले, मोजले आणि पर्समध्ये ठेवले. “हे उसने. भावोजींचं काम लागलं की परत. लिहून ठेव.” मी लिहून ठेवतो म्हणालो. भाची आत स्वयंपाकघरात आमच्या मुलीबरोबर चकल्यांचा डबा उघडत होती. दोघींचे हसणे ऐकू येत होते.

ताईने डॉलर माझ्या तळहातावर ठेवला. “पुन्हा काळं व्हायला याला किती वर्षं लागतील?”

“पन्नास-साठ.”

“तुझी मुलगी तेव्हा सत्तरीची होईल,” तिने हिशेब केला. “कागदात गुंडाळून ठेव. आणि वर लिही, ‘घासू नये.’ मोठ्या अक्षरात.”

मी कागद आणायला उठलो. विभागाचे एक जुने पत्रक हाताशी होते, त्याच्या कोऱ्या पाठीवर लाल शाईने लिहिले. ताईने ते वाचले, पेन माझ्या हातून घेतले आणि खाली आणखी एक ओळ घातली: ‘खरवडूही नये.’